खालापूरचा उकळलेला चहा

चहा हा शब्द मुळात चिनी. डॉमिनिकन धर्मगुरू गास्पार दा क्रुझ यांनी १५७० साली एव्होरा येथे छापलेल्या चीनवर्णनात या पेयाची नोंद केली. आपल्या खालापुराकडे ते फार उशिरा आले. खोपोलीस आगगाडी १८५६ सालीच पोहोचली. सामान्य घरांत चहा रुजला तो विसाव्या शतकात. १९०३ च्या चहा-उपकर कायद्याने मळेवाल्यांच्या प्रचारास पैसा मिळाला. पत्ती उकळू नका, उकळत्या पाण्यात मुरवा, असा त्यांचा पाठ. आपल्या लोकांनी तो मानला नाही. दूध, साखर, भुकटी एकत्र उकळली, परसातील गवती चहाही घातला. यास अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. थोड्या पत्तीत अधिक रंग काढण्याची ती काटकसर होती. डोंगराकडच्या वाड्यांवर मला अजूनही कोरा चहाच मिळतो. दूध लेकरासाठी राखलेले असते.