कॉफीचा वास आणि कामगाराचे फुप्फुस



इतिहास म्हटला की महाडच्या श्रोत्यांची नजर आपोआप रायगडाकडे वळते आणि पोलादपूरच्या श्रोत्यांची उमरठकडे. ते योग्यच आहे. परंतु आज मी जो इतिहास सांगणार आहे तो गडावर घडलेला नाही. तो चुलीवरच्या तव्यावर, गिरणीच्या खात्यात आणि कारखान्यातल्या टाकीपाशी घडलेला आहे. त्याला बखरकार मिळाला नाही. त्याची नोंद माणसांच्या छातीत झाली.

ह्या विषयाकडे मी वळलो तो एका बरणीमुळे. गेल्या पावसाळ्यात औद्योगिक वसाहतीजवळच्या एका खोलीवर युनियनच्या वर्गणीसाठी गेलो होतो. चार कंत्राटी पोरे तिथे एकत्र राहतात. खिडकीत काचेची बरणी होती. तळाशी कॉफीची भरड आणि वर दाट, तपकिरी पातळ पदार्थ. मला वाटले, कोणाला खोकला झाला असेल, काढा केला असेल. पोलादपूरच्या वरच्या अंगाचा एक मुलगा हसला. म्हणाला, "काका, काढा नाही. हा व्हेपचा माल." मग त्याने सगळी कृती सांगितली. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल ह्यांत कॉफी पंधरा दिवस भिजवायची, रोज बरणी हलवायची, मग फडक्यातून गाळायची. तो अर्क निकोटिनच्या पाण्यात मिसळायचा आणि विजेच्या सिगारेटमधून ओढायचा. तयार बाटली चोरून घ्यावी लागते आणि महाग पडते; म्हणून हा घरगुती उद्योग.

मी रागे भरणार हे त्याने ओळखले असावे. तो लगेच म्हणाला, "काका, ह्यात विष काय आहे? ग्लिसरीन औषधात असतं, कॉफी तुम्हीपण पिता. सगळा खाण्याचाच माल आहे."

मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात जास्त झालेले आहे; तेव्हा सवयीप्रमाणे पुस्तकांकडे गेलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम वासाची गोष्ट घेऊ. तंबाखू आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला असता त्याने तिथे तंबाखू पाहिली आणि ती हुक्क्यासह बादशहाला नेऊन दिली. ज्या विजापूरच्या अंमलाखाली तेव्हा आपला हा जावळीचा मुलूख होता, तेच हे विजापूर. बादशहाने दोन झुरके घेतले. दरबारच्या हकिमाने हरकत घेतली की आमच्या ग्रंथांत हे द्रव्य नाही. असद बेगने उलट युक्तिवाद केला की प्रत्येक रूढ गोष्ट केव्हा तरी नवीच असते. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली; ती कितपत चालली हे आपण जाणताच.

नुसती तंबाखू घशाला झोंबते. म्हणून हुक्क्याच्या तंबाखूत गूळ आला, काकवी आली, सुगंधी द्रव्ये आली. आपल्या कोकणात निराळी वाट निघाली. आपल्या आयाबहिणींनी तंबाखूचे पान तव्यावर काळे होईपर्यंत भाजले, चुरले आणि मशेरी केली. भाजल्याने तिचा उग्रपणा बदलतो आणि एक खमंग वास येतो. हा तंबाखूचा खरा घरगुती कारखाना होय. मशेरी भाजताना घरभर ठसका उठतो, चुलीपाशी खेळणारे मूल खोकते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. दात घासण्याच्या निमित्ताने लागलेले ते व्यसन जन्मभर सुटत नाही. बाजारातल्या दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ मध्ये मनाई केली. पण घरच्या तव्याला कोण मनाई करणार?

ह्यावरून एक गोष्ट लक्षात येते. वास हा निकोटिनचा वकील आहे. गूळ असो, भाजल्याचा खमंगपणा असो की आजची कॉफी असो. जे शरीर एरवी थुंकून टाकील ते त्याच्याकडून मान्य करवून घेणे हे ह्या वकिलाचे काम. बरणीतली कॉफी हा ह्या जुन्या घराण्यातलाच नवा वकील आहे.

आता मुलाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ : खाण्याचा माल आहे, मग श्वासाला का चालू नये? ह्याचे उत्तर कामगारांच्या इतिहासाने दिलेले आहे. इटलीतील मोडेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तंबाखू दळणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रोग्याला तू काम काय करतोस हे अवश्य विचारावे, असा त्याचा वैद्यांना उपदेश होता. तीनशे वर्षे झाली तरी पुष्कळ दवाखान्यांत हा प्रश्न अजून विचारला जात नाही.

आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. महाड-पोलादपूरच्या किती घरांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले! कापूस हे काही विष नव्हे. आपण तो अंगावर घालतो, त्यावर निजतो. पण पिंजण खात्यात कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की दम लागतो. रविवारची सुट्टी घेऊन माणूस सोमवारी कामावर गेला की छाती आवळून येते. म्हणून इंग्रज कामगारांनी त्याला सोमवारचा ताप असे नाव दिले. डॉक्टरी भाषेत तो बिसिनोसिस. गव्हाचे पीठही तसेच. त्याची भाकरी-पोळी आपण रोज खातो, पण बेकरीत पिठाची धूळ श्वासावाटे घेणाऱ्या कामगाराला त्याच पिठाने दमा होतो. पोटात आम्ल आहे, आतडी आहेत, यकृत आहे. आलेला माल तपासून घेण्याची तिथे व्यवस्था आहे. फुप्फुसाच्या दाराशी असा पहारा फार थोडा. पोटाचा रस्ता वेगळा आणि श्वासाचा रस्ता वेगळा.

हेच तत्त्व खुद्द खाद्य वासाच्या बाबतीत सिद्ध झाले ते अमेरिकेत. मिसुरी राज्यात जॅस्पर नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या एका कारखान्यात मक्याच्या लाह्यांना लोण्याचा वास लावीत. तिथे काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसाचा एकच दुर्मिळ आजार झाल्याचे २००० साली एका डॉक्टरच्या लक्षात आले. श्वासाच्या अगदी बारीक नळ्या व्रणांनी बुजून जातात आणि पुन्हा उघडत नाहीत, असा तो आजार. सरकारी संशोधकांनी तपास केला तेव्हा बोट डायअसेटिल ह्या द्रव्याकडे गेले. लोण्याचा वास येतो तो मुख्यतः त्याचाच. खाण्यासाठी ते मान्य होते. दह्यात, लोण्यात ते आपोआपच असते. पण गरम टाकीवर वाकून त्याची वाफ घेणाऱ्याचा विचार त्या मान्यतेत नव्हता.

आता ह्यात कॉफी कशी येते ते पाहा. टेक्सास राज्यातल्या एका कॉफीच्या कारखान्यात, भाजलेल्या बियांना कृत्रिम वास लावणाऱ्या खात्यातील दोन कामगारांना हाच आजार झाल्याचा सरकारी अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या तपासण्यांत आणखी एक गोष्ट आढळली. वास न लावलेली साधी कॉफी भाजताना आणि दळतानाही डायअसेटिल हवेत सुटते, कारण भाजण्याच्या क्रियेतच ते तयार होते. ज्या खमंगपणावर आपण लुब्ध होतो त्याचा तो एक अंश आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या संशोधन संस्थेने कामगारासाठी मर्यादा सुचविली ती हवेच्या शंभर कोटी भागांत पाच भाग एवढी सूक्ष्म आहे. कप पिणाऱ्याने ह्यामुळे घाबरू नये. हा प्रश्न दिवसभर वाफेत उभ्या राहणाऱ्याचा आहे.

आणि ज्याने ती वाफ स्वतःहून ओढायचे ठरविले आहे, त्याचाही आहे. बिनधुराच्या सिगारेटची कल्पना नवी नाही. हर्बर्ट गिल्बर्ट ह्या अमेरिकनाने १९६३ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आजची विजेची सिगारेट हॉन लिक ह्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये काढली. त्यानंतर वासांचा बाजार भरला. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अशा एक्कावन्न वासांची तपासणी केली. एकोणचाळिसांत डायअसेटिल निघाले. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या गंभीर आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या सरकारने २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू मोजले. तेव्हा मुख्य दोषी ठरले ते चोरट्या बाजारातल्या गांज्याच्या अर्कात घातलेले ई-जीवनसत्त्वाचे तेलकट रूप. तेही गोळीतून खाल्ले जाते, मलमातून त्वचेला लावले जाते. म्हणजे पुन्हा तोच न्याय.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिगारेटच्या धुरातही डायअसेटिल असते आणि त्याखेरीज पुष्कळ विषे असतात. इंग्लंडात सिगारेट सोडविण्यासाठी ह्या यंत्राचा उपयोग करू देतात. परंतु तिथे बाटलीत काय घालायचे ह्यावर नियम आहेत. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने उत्पादन, विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात ह्या सर्वांना बंदी आहे. साठ्याखेरीज इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदीमुळे बाटली चोरवाटेने येते आणि बरणी खिडकीत येते. त्या बरणीत कॉफीचे तेल किती उतरले, वास किती उतरला, हे फडक्यातून गाळणाऱ्याला कळण्याचा उपाय नाही. कॉफीच्या बीमध्ये तेल भरपूर असते, आणि तेल फुप्फुसात गेले तर तिथे सूज धरते.

हे सारे मी त्या मुलाला पुन्हा जाऊन सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मला वाटले, आता म्हणेल, बरणी ओतून टाकतो. ते तो बोलला नाही. त्याने मलाच विचारले, "मग काका, आमच्या खात्यात पिंपं उघडतो तेव्हा जो गोड वास येतो, तो कशाचा?"

सभ्य हो, मी निरुत्तर झालो तो ह्या दुसऱ्या प्रश्नाने. बरणी त्याच्या हातातली आहे. ओतायची की ठेवायची हे तो ठरवू शकतो. पिंप त्याच्या हातातले नाही. दिवसाचे आठ तास, कधी बारा तास, तो जो श्वास घेतो त्याचे नावही त्याला ठाऊक नाही. भोपाळमध्ये हजारो माणसे गेल्यानंतर १९८७ मध्ये कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती मिळणे हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. तो लिहिलेला हक्क आमच्या कंत्राटी मुलाच्या खोलीपर्यंत अजून पोचलेला नाही. मी त्याला व्हेप सोड म्हणून उपदेश करावा आणि पिंपाविषयी गप्प बसावे, हे मला शोभणार नाही.

ह्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या परिषदेसाठी राबलेले दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत गेले. मला हा योगायोग वाटत नाही. जे पाणी सर्वांचे आहे ते कोणी अडवू नये, हा तो लढा होता. हवाही सर्वांचीच आहे. तिच्यात कोणी काय सोडले हे विचारण्यासाठी कोणाची परवानगी लागू नये.

मी त्या मुलाला एवढेच सांगितले की पिंपावरच्या कागदावर जे नाव असेल ते वहीत उतरवून आण. इंग्रजी वाचता आले नाही तर अक्षरे जशीच्या तशी काढ. त्याने पहिल्या आठवड्यात तीन नावे आणली. आता इतर खात्यांतली मुलेही आणू लागली आहेत. वही युनियनच्या कचेरीत आहे. ज्यांना रसायनशास्त्र येते अशा आपल्या गावच्या शिक्षकांनी संध्याकाळी तासभर येऊन ती नावे आम्हाला समजावून द्यावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.