मावळच्या माणसाचे मन मुंबईत कसे टिकले

माणसाचे मन बिघडले म्हणजे आपण त्याच्या डोक्यातच दोष शोधतो. बाहेरचे लागले, किंवा मूळचाच हळवा, असे म्हणून गाव मोकळे होते. भोवतालाकडे कोणी बोट दाखवीत नाही. परंतु या विषयात आपल्या मावळच्या इतिहासातच पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

1890 साली महादेव हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचविण्याचा धंदा संघटित केला. त्यात शिरलेली माणसे बहुतांशी मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यांतील. भाताच्या एका पिकावर वर्ष निघत नसे, म्हणून घाट उतरावा लागला. खाली शहर परके. त्या परकेपणावर या अल्पशिक्षित माणसांनी जो उपाय काढला, तो कोणा वैद्याने सांगितलेला नव्हता. एका मुकादमाच्या हाताखाली थोडी माणसे, पुष्कळदा एकाच गावची वा नात्यातली. मिळकतीची वाटणी सारखी. डोक्यावर पांढरी टोपी, ती नसेल तर दंड. कामावर दारू प्याल्यास त्याहून मोठा दंड. एखादा आजारी पडला तर त्याचे डबे दुसरा उचलतो. आणि चैत्रात गावोगावच्या यात्रांसाठी काही दिवस सगळेच काम बंद. गिऱ्हाइकाने कुरकुर केली तरी बंद! 2003 साली ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटून गेले. तेव्हापासून डबा हरवत कसा नाही याचे फार कौतुक चालते. इतक्या मोठ्या शहरात डबा नेणारा माणूस हरवत कसा नाही, हे मला अधिक नवलाचे वाटते.

गिरणगावातही थोडेफार असेच होते. एका लहानशा खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले, महिनाभर उधारीवर जेवू घालणारी खानावळवाली, रात्रीचे भजन. ती खोली काही चांगली नव्हती. क्षय तिथेच पसरे. तरी आजाऱ्याच्या उशाशी कोणीतरी बसलेले असे. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो माणसे गावी परतली. पगार गेला हे सर्वांना दिसले. भोंग्याबरोबर दिवसाचा आकारही गेला, हे थोड्यांनी पाहिले. ऑस्ट्रियात मारियेनथाल गावची कापडगिरणी 1930च्या सुमारास बंद पडली, तेव्हा मारी याहोडा व तिच्या सहकाऱ्यांनी तिथे पाहणी केली. ती 1933 साली प्रसिद्ध झाली. हाती रिकामा वेळ भरपूर, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे घटले होते; पुरुष रस्त्याने सावकाश चालत, वाटेत थांबत, आणि घड्याळ जवळ बाळगीत नसत. संपानंतर घरी परतलेला गिरणी कामगार ज्यांनी ओट्यावर बसलेला पाहिला आहे, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

मागे राहिलेल्या बायकांचे काय? शेत, गुरे, सासूसासरे सारे त्यांच्या अंगावर. त्यांचे मन पहाटे जात्यावर मोकळे होई. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी या डोंगरी भागातून आणि इतरत्रही लाखाच्या घरात ओव्या जमविल्या. त्यांत माहेर आहे, तसा सासुरवासही आहे. पिठाची गिरणी आली आणि बाईची कंबर वाचली, हे उत्तमच झाले. पण समोरासमोर बसून बोलण्याची ती जागाही गेली. बचतगटाची बैठक असते. तिथे वेळ हप्त्यांच्या हिशेबात जातो.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. डबेवाले मावळात परतले. कचेऱ्या घरून चालू लागल्या, म्हणून पुष्कळ जण पुन्हा मुंबईला गेलेच नाहीत. निदान त्यांना परतायला गाव होते. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेला तरुण कंत्राटावर असतो. खोलीतला सोबती ओळखीचा होईतो कंत्राट संपते. करारपत्रात वेतन, बोनस, जादा कामाचा दर घालता येतो. मी आयुष्यभर तेच करीत आलो. त्याला ताप आला तर त्याची पाळी कोण उचलील, याचे कलम अजून कोणत्या करारात मी पाहिलेले नाही. यांपैकी ज्यांच्याशी माझे बोलणे झाले, त्यांच्या दारी पोटोबा महाराजांच्या उत्सवाची वर्गणी मागायलासुद्धा वडगावातून कोणी गेले नव्हते.