ब्रॉन्स्टाइनचा १९३६ सालचा निबंध

पुंजवाद व गुरुत्वाकर्षण यांचा मेळ घालतांना अवकाश व काल यांच्या रूढ कल्पना टिकत नाहींत, हा विचार अगदीं अलीकडचा होय, असा समज आढळतो. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. लेनिनग्राडचा पदार्थविज्ञानवेत्ता मात्वेई ब्रॉन्स्टाइन (जन्म १९०६) यानें तो १९३६ सालींच छापून ठेविला आहे. त्याची उपपत्ति अशी: गुरुत्वक्षेत्राचें सूक्ष्म मापन करावयाचें तर मापक पिंड लहान असून जड असावा लागतो, परंतु वस्तुमान फार वाढविल्यास त्याची गुरुत्वत्रिज्या त्याच्या आकाराहूनही मोठी होते. अर्थात् मापनास अंतिम सीमा आहे. अवकाश कणमय आहे, असें तो म्हणत नाहीं. पुढील खंडित-अवकाशवाद्यांचें पूर्वसूत्र मात्र येथें सांपडतें.

ऑगस्ट १९३७ मध्यें त्यास अटक झाली व १८ फेब्रुवारी १९३८ रोजीं गोळी घालून ठार मारण्यांत आलें. पत्नी लिडिया चुकोव्स्काया हिला ‘पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षें’ एवढेंच कळविण्यांत आलें. १९५७ सालीं तो निर्दोष ठरला. सरकारी उत्तर असत्य निघालें. निबंध शिल्लक राहिला. म्हणून अग्रमानाचा निर्णय करितांना अभ्यासकांनीं मूळ छापील पान पाहावें, अशी आमची विनंति आहे.