गमला : उंटाच्या पाठीवरचे गाव

गोलानच्या पठारावर, गालिली सरोवराच्या ईशान्येस, तीन बाजूंनी दऱ्या असलेला एक डोंगरसोंडेचा सुळका आहे. आकार उंटाच्या मदारीसारखा, म्हणून ज्यूंनी त्याला गमला म्हटले (हिब्रूत गमल म्हणजे उंट). गिरिदुर्ग पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ही जागा का निवडली, हे समजावून सांगावे लागत नाही.

इ. स. ६७ मध्ये व्हेस्पासियनच्या तीन लीजनांनी गमलाला वेढा घातला. पहिल्यांदा तट फोडून सैनिक आत घुसले, उतरणीवरच्या घरांच्या छपरांवर चढले आणि ती छपरे त्यांच्या भाराने कोसळली. रोमनांना मागे फिरावे लागले. पुढे तीन सैनिकांनी रात्री एका बुरुजाच्या पायातले पाच चिरे उपटले, बुरूज ढासळला आणि गाव पडले. जोसीफस सांगतो की चार हजार मारले गेले, पाच हजारांनी कड्यावरून उड्या घेतल्या, आणि वाचल्या फक्त दोन स्त्रिया.

येथे थोडे थांबले पाहिजे. गमलाची तटबंदी याच जोसीफसने करवून घेतली होती आणि गाव पडण्यापूर्वीच तो रोमनांना शरण गेला होता. त्याचा ग्रंथ रोममध्ये, विजेत्यांच्या आश्रयाने लिहिला गेला. सामुदायिक आत्मार्पणाची कथा त्याने मसाडाबाबतही सांगितली आहे. अरुंद वाटेवरून जीव घेऊन पळणाऱ्यांची चेंगराचेंगरी झाली असावी, हा काही संशोधकांचा तर्क मला अधिक पटतो.

युद्ध मात्र खरे. १९६७ च्या युद्धात इस्रायलने सीरियाकडून गोलान घेतल्यावर १९६८ मध्ये ही जागा ओळखली गेली. १९७६ पासून श्मर्या गुटमन यांनी केलेल्या उत्खननात सुमारे दोन हजार दगडी गोळे आणि सोळाशेच्या आसपास बाणांची टोके मिळाली. तटाला लागून असलेले सभागृह ज्ञात सिनेगॉगांतील अतिप्राचीनांपैकी एक आहे. तटाला टेकलेल्या खोल्या दगडांनी भरून भिंत जाड केल्याचेही दिसते : स्वतःचे घर बुजवून गाव वाचवण्याचा प्रयत्न.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींकडे असा एकही भग्न तट नाही. त्यांच्याकडे आहे ती नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आठवण. हनुक्का हा सण त्यांना पूर्वी ठाऊक नव्हता. यावरून हाइम सॅम्युएल केहिमकरांनी अनुमान काढले की त्यांचे पूर्वज इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातच, म्हणजे गमला पडण्याच्या दोन शतके आधी, निघाले असावेत. एका गैरहजर सणावर इतका मोठा निष्कर्ष उभारणे धाडसाचेच. कारण गमलानंतर तीन वर्षांनी, इ. स. ७० मध्ये, जेरुसलेमचे मंदिर पडले, त्याच्या शोकाचा उपवास हे लोक पाळत आले. त्या उपवासाची ओळख मात्र कोकणी राहिली, कारण त्या दिवशी खायचे ते वालाचे बिरडे.