चिमणरावाचे हरवलेले भाग आणि आमच्या घरची कॅसेट



मागच्या पोस्टीत उटनूरच्या जुन्या बाजाराबद्दल लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की जुन्या टीव्हीच्या आठवणी लिहा. लिहितो. पण नुसत्या आठवणी नाही, थोडा इतिहासही सांगतो आणि शेवटी एक चूक कबूल करतो. चूक माझी स्वतःची आहे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. मी नांदेडहून बी.कॉम. करून बँकेत लागलो आणि १९७६ मध्ये मुंबईत बदली झाली. गिरगावात एका चाळीत पेइंग गेस्ट होतो. चाळीच्या त्या मजल्यावर एकच टीव्ही होता, लाकडी कपाटातला, शटरचा, ब्लॅक अँड व्हाईट. संध्याकाळी घरमालकीण शटर सरकवायच्या आणि पंधरा-वीस माणसं मांडी घालून बसायची. आमच्यासारखे बॅचलर दारात उभे. आमची माती आमची माणसं, गजरा, छायागीत, सगळं उभ्यानं पाहिलं. स्मिता पाटील तिथे मराठी बातम्या वाचायच्या, त्या पुढे एवढ्या मोठ्या अभिनेत्री झाल्या.

आणि १९७७ ते १९७९ या काळात आला चिमणराव. चिं. वि. जोशींनी लिहिलेला तो भित्रा, सरळ, फजिती करून घेणारा कारकून आणि त्याचा धिप्पाड मावसभाऊ गुंड्याभाऊ. चिं. वि. हे पाली भाषेचे विद्वान, पण महाराष्ट्राने त्यांना ओळखलं ते चिमणरावामुळे. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ, निर्मिती विजया धुमाळे यांची. चिमणराव सुरू झाला की चाळीत नळावरची भांडणं थांबायची, यात अतिशयोक्ती नाही. मी उटनूरचा, मराठी बोलणारा पण तेलंगणातला. आपल्या बोलण्यात "उन्नदी-लेदू" घुसतं म्हणून मुंबईचे सहकारी हसायचे. त्या परक्या शहरात चिमणराव मला जवळचा वाटायचा. तोही आमच्यासारखाच, साहेबाला घाबरणारा.

आता मुद्द्यावर येतो. ती मालिका आज पुन्हा पाहायची म्हटलं तर? मोजकेच भाग उरले आहेत. बाकीच्या टेपा पुसून त्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड केलं गेलं. त्यातल्या कलाकारांनीही हे हळहळून सांगितलं आहे.

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मलाही राग आला होता. असे कसे हे लोक? पण नंतर विचार केला तेव्हा बँकवाल्याच्या नजरेतून कारण दिसू लागलं.

त्या काळी व्हिडिओ टेप आपल्याकडे बनत नव्हती, परदेशातून यायची. परदेशी चलनाची तेव्हा काय टंचाई होती ते आमच्या पिढीच्या बँकवाल्यांना विचारा. १९७३ चा फेरा कायदा आम्ही कोळून प्यायलो होतो. एका एका डॉलरचा हिशोब. अशा दिवसांत महागडी टेप एकदा वापरून कपाटात ठेवणं ही चैन वाटायची. टेप चुंबकीय असते, ती पुसून पुन्हा वापरता येते, हाच तर तिचा मोठा गुण समजला जायचा. शिवाय बरेच कार्यक्रम थेट जायचे, बातम्या तर थेटच. ते कोणी जपून ठेवणार कसे? आणि मुख्य म्हणजे घरोघरी व्हीसीआर येतील, लोक जुनं पुन्हा पाहायला मागतील, हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. कार्यक्रम लागला, लोकांनी पाहिला, संपला. कालच्या वर्तमानपत्रासारखं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. इंग्लंडच्या बीबीसीने साठीच्या दशकातले आपले शेकडो कार्यक्रम असेच पुसले. त्यांची डॉक्टर हू नावाची मुलांची लाडकी मालिका, तिचेही कितीतरी भाग गेले. मग लोक शोधायला लागले. बीबीसी त्या भागांच्या फिल्मवरच्या प्रती परदेशी स्टेशनांना विकायची, म्हणून जगभर चौकशा झाल्या. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस नावाच्या गावी एका टीव्ही केंद्राच्या खोलीत नऊ हरवलेले भाग सापडले. कुठे लंडन, कुठे नायजेरिया!

त्यातली अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या मालिकेच्या एकूण एक हरवलेल्या भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. चित्र नाही, फक्त आवाज. का? तर त्या काळी काही शाळकरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून आवाज रेकॉर्ड करत बसायची. जे सरकारी कपाटात टिकलं नाही ते पोरांच्या खाटेखाली टिकलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिनेमाचंही तेच. आपला पहिला बोलपट आलम आरा, १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची प्रत नाही. जुन्या फिल्मांतली चांदी काढून घेण्यासाठी रिळं भंगारात विकली जायची. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालय झालं आणि तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळं गोळा केली. नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून त्यांनी फाळक्यांच्या मूकपटांचे तुकडे मिळवले. ते तेव्हा गेले नसते तर आज काय उरलं असतं?

आपल्याच भागातलं बघा ना. नारनूरजवळचं गुंजाळा. तिथल्या घरांमध्ये गोंडी लिपीतल्या जुन्या पोथ्या पडून होत्या. २००६ च्या सुमारास हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांपर्यंत त्या पोचल्या, आणि २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये गेली, म्हणजे आता मोबाईलवर लिहिता येते. आणि मार्लवाईला राहिलेले हायमेनडॉर्फ साहेब. कोमरम भीमच्या लढ्यानंतर निजाम सरकारने त्यांना गोंडांचा अभ्यास करायला बोलावलं. त्यांनी काढलेले फोटो, फिल्मा लंडनच्या संस्थेत जपलेल्या आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळची दंडारी बघायची तर लंडनच्या कपाटात बघावी लागते! पण निदान आहे तरी.

आता माझी चूक.

माझी बायको किनवटची. किनवट १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं, मग नांदेडला गेलं, म्हणून सोयरिकी अजून तिकडेच. तिच्या आजीकडून तिला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या पाठ होत्या. त्यात आपल्याकडचे शब्द, नागोबाच्या जत्रेचा उल्लेख, पैनगंगेचा उल्लेख, असं बरंच काही. १९८६ मध्ये आम्ही दुसऱ्यांदा मुंबईत होतो. महिला मंडळाच्या ओळखीतून तिला टीव्हीवरच्या बायकांच्या एका कार्यक्रमात बोलावणं आलं. तीन बायका, मध्ये जातं, आणि चार-पाच मिनिटं ओव्या. तिने त्यासाठी हिरवं इरकल नेसलं होतं. टीव्ही आमचा ब्लॅक अँड व्हाईट, त्यामुळे हिरवं कोणाला दिसलं नाही, यावरून ती वर्षभर हळहळत होती.

शेजाऱ्यांकडे व्हीसीआर होता. त्यांनी तो कार्यक्रम व्हीएचएसवर उतरवून कॅसेट आम्हाला दिली. पुढे आम्हीही व्हीसीआर घेतला, पाहुणे आले की ती कॅसेट लागायची.

मग आलं १९९२. मी आदिलाबादला ब्रँचमध्ये. क्रिकेटचा वर्ल्डकप ऑस्ट्रेलियात. ४ मार्चला सिडनीला भारत-पाकिस्तान. मार्च महिना, क्लोजिंग तोंडावर, रजा मिळणं शक्य नाही. सकाळी घाईत हाताला लागली ती कॅसेट घातली, टायमर लावला आणि बँकेत गेलो. संध्याकाळी येऊन मॅच बघितली. आपण ४३ धावांनी जिंकलो, मियाँदादच्या त्या उड्या बघून पोट धरून हसलो. कॅसेट बाहेर काढली आणि तिच्यावरचं लेबल वाचलं. बायकोच्याच अक्षरातलं.

ती काही बोलली नाही. म्हणाली, "जाऊ द्या, मी आहे ना जिवंत, केव्हाही म्हणून दाखवीन." पण त्यानंतर कोणी आग्रह केला तरी तिने ओव्या म्हटल्याचं मला आठवत नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. २०१९ मध्ये ती गेली.

आता बघा, ती मॅच आज मोबाईलवर कोणीही कधीही बघू शकतो. मियाँदादच्या उड्या लाख वेळा बघा. पण त्या चार मिनिटांची जगात ती एकच प्रत होती, आणि ती मी पुसली. तेव्हापासून चिमणरावाच्या टेपा पुसणाऱ्यांवर मी रागावत नाही. त्यांनी निदान टेप वाचवायला पुसल्या.

नोकरीत मी रेकॉर्ड नष्ट करण्याच्या याद्यांवर कितीतरी सह्या केल्या. बँकांसाठी १९८५ चे नियम आहेत, काही कागद पाच वर्षं, काही आठ वर्षं जपायचे, मग नष्ट करायचे. पण त्यातही एक पद्धत असायची. कोर्टात केस असेल तर कागदाला हात लावायचा नाही, आणि नष्ट करण्याआधी दोन अधिकाऱ्यांनी यादी डोळ्यांखालून घालायची. ऑफिसात ही शिस्त पाळणारा मी, घरी लेबलसुद्धा वाचलं नाही.

लॉकडाऊनमध्ये मार्च २०२० पासून टीव्हीवर रामायण पुन्हा लागलं, सगळं उटनूर घरात बसून बघत होतं. रामायण १९८७ चं, ते नीट जपलं गेलं म्हणून लागलं. नातीने विचारलं, "आबा, आजी पण टीव्हीवर आली होती ना? ते लावा ना." काय सांगू? प्रसार भारतीने जुन्या गोष्टी यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली आहे, तिथे रात्र रात्र शोधलं. ओळखीच्या लोकांकडून चौकशी केली. रोजचे छोटे कार्यक्रम फारसे ठेवले जात नव्हते, एवढंच कळलं. आशा सोडली.

२०२३ मध्ये किनवटचं सासरवाडीचं जुनं घर पाडायचं ठरलं. सासूबाईंची लोखंडी पेटी उघडली. त्यात लुगडी, पोस्टाची पासबुकं, आणि एका रुमालात गुंडाळलेली ऑडिओ कॅसेट. मेहुणी ती बघून एकदम रडायलाच लागली. ती तेव्हा डोंबिवलीला राहायची. किनवटला मुंबईचा टीव्ही दिसत नव्हता, आईला मुलीचं गाणं ऐकायला मिळावं म्हणून तिने टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून आवाज रेकॉर्ड केला होता आणि कॅसेट पोस्टाने आईला पाठवली होती. हे ती स्वतःच विसरून गेली होती!

कॅसेटची पट्टी सैल झाली होती, पेन्सिल घालून गुंडाळली. आतला स्पंजचा तुकडा निघून आला होता, तो दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवला. एका मित्राकडे जुना टेप चालू होता. नातीने लॅपटॉपला वायर जोडली.

आधी खरखर. मग निवेदिकेचा आवाज. मग मेहुणीच्या घरातल्या कुकरची शिट्टी. एक पोर रडतंय, मेहुणी त्याला "श्श, मावशी गातेय" म्हणतेय. आणि मागे जात्याची घरघर आणि माझी बायको. चार मिनिटं. चित्र नाही. नातीने विचारलं, "आजीने कुठली साडी नेसली होती?" मी सांगितलं, हिरवं इरकल. ते मात्र आता फक्त मलाच माहीत आहे, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

मंडळी, हात जोडून विनंती. घरातल्या कपाटात, माळ्यावर, सासरी-माहेरी जुन्या कॅसेटी असतील तर या पावसाळ्याच्या आत बाहेर काढा. आपल्याकडच्या दमट हवेत टेपला बुरशी लागते, थर सुटतो. व्हीसीआर तर आता बनतच नाहीत, जगातल्या शेवटच्या कंपनीने २०१६ मध्ये बंद केले. म्हणजे टेप टिकली तरी लावायचं कशावर, हा प्रश्न आहे. लग्नाची असो, भजनाची असो, दंडारीची असो, टीव्हीवरून उतरवलेली असो. काय सांगावं, कोणाच्या पेटीत चिमणरावाचा एखादा भागही निघेल. मोबाईलवर उतरवून दोन ठिकाणी ठेवा, आणि कोण बोलतंय, कोणतं साल, कोणतं गाव हे लिहून ठेवा.

आणि काही पुसण्याआधी लेबल वाचा.