थोरली पाती आणि धाकटी पाती

मराठेशाहीचा इतिहास चाळणाऱ्यास ‘थोरली पाती’ आणि ‘धाकटी पाती’ हे शब्द परिचयाचे आहेत. देवासला तर पवार बंधूंच्या या दोन पात्या एकाच नगरात शेजारी शेजारी नांदल्या. गाद्या दोन, कारभार दोन, पण प्रजा एकाच बाजारात भाजी घेणारी! फुटबॉलवर प्रेम करणाऱ्या माणसाच्या मनातही अशाच दोन पात्या असतात, असे मला वाटते. एक थोरला संघ असतो. त्याचे नाव वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत येते आणि तो हरला की शेकडो कोस दूर राहणाऱ्या माणसाला त्या रात्री जेवण गोड लागत नाही. दुसरा धाकटा संघ असतो; त्याचा गोलरक्षक आपल्याच आळीत राहतो आणि त्याच्या सामन्याला जे पन्नास-शंभर लोक जमतात, त्यांतले निम्मे खेळाडूंचे आप्त असतात. या दोन निष्ठा एका अंतःकरणात कशा नांदतात आणि त्यांतील धाकटीचे इतिहासात स्थान काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

या विचाराला रायपूर हे ठिकाण सोयीचे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली आणि बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले. मराठी माणसाचा या मुलखाशी संबंध तेव्हापासूनचा. पुढे रेल्वे आली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९१ पर्यंत नागपूरहून आसनसोलपर्यंतचा मार्ग पुरा झाला. आज मुंबई-हावडा मार्गावर रायपूर मध्येच कोठेतरी लागते. या मार्गाच्या एका टोकाला मुंबईचे कूपरेज मैदान, तर दुसऱ्या टोकाला कलकत्त्याचे मैदान. भारतीय फुटबॉलच्या दोन मोठ्या पेठांच्या मधोमध आपण नोकरीनिमित्त येऊन पडलो आहोत.

प्रथम कलकत्त्याकडे पाहू. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या अकरा खेळाडूंपैकी दहाजण अनवाणी खेळले होते, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पुढे १९३४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने कलकत्ता लीग जिंकली आणि सलग पाच वर्षे ती आपल्याकडे राखली. ईस्ट बंगालचा जन्म १९२० चा, आणि त्याची हकीकत बोधप्रद आहे. जोडाबागान नावाच्या संघाने मोहन बागानविरुद्धच्या एका सामन्यात शैलेश बोस या खेळाडूस वगळले. त्या रागाने सुरेशचंद्र चौधुरी बाहेर पडले आणि त्यांनी काही मित्रांना घेऊन नवा संघ उभा केला. म्हणजे आज ज्याच्या नावावर लाखो माणसे प्राण टाकतात, तो संघ एका लहानशा संघातील भांडणातून निघालेला आहे. आजची थोरली पाती ही एके काळची धाकटीच असते, हे या प्रकरणाचे पहिले सूत्र मानावयास हरकत नाही.

या तीन संघांचा दबदबा असा की १९३४ पासून १९५७ पर्यंत लीगचे विजेतेपद त्यांच्याबाहेर गेले नाही. १९५८ साली मात्र ईस्टर्न रेल्वेने ते पटकावले. त्या संघाचा प्राण होता प्रदीपकुमार बॅनर्जी. १९५४ मध्ये एरियन या संघाकडून एक हंगाम खेळून तो रेल्वेत आला आणि तेथेच राहिला. मोहन बागान किंवा ईस्ट बंगालचा पोशाख त्याने खेळाडू म्हणून कधी कायमचा चढविला नाही. ईस्टर्न रेल्वेनंतर या तिघांखेरीज दुसऱ्या कोणाला ही लीग जिंकावयास २०१९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पीअरलेस विजेता ठरला. एकसष्ट वर्षे! या एकसष्ट वर्षांत लहान संघ दरसाल मैदानात उतरत होते आणि दरसाल हरत होते. ते उतरले नसते, तर त्या तिघांनी लीग खेळावयाची कोणाशी? विजेत्याच्या वैभवात पराभूतांच्या चिकाटीचाही वाटा असतो. इतिहासकार तो क्वचितच नोंदवितात.

१९६२ मध्ये जकार्ता येथे भारताने आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध प्रदीपकुमार आणि जर्नेल सिंग यांनी गोल केले. कर्णधार चुनी गोस्वामी हा सारे आयुष्य मोहन बागानचा. तुळशीदास बलराम त्या वेळी ईस्ट बंगालचा. आणि प्रदीपकुमार हा रेल्वेचा. दोन थोरल्या घरांचे आणि एक धाकट्या घराचा, असे तिघे एका पंक्तीला बसले तेव्हा ते पदक आले. शैलेन मन्ना यांचेही उदाहरण असेच. १९५१ च्या दिल्लीतील सुवर्णपदकाच्या वेळी ते कर्णधार होते आणि मोहन बागानचे दैवत मानले जात. परंतु मोहन बागानला येण्यापूर्वी ते हावडा युनियन नावाच्या लहान संघातून खेळत. त्या संघाच्या सामन्यांना येणाऱ्या चार लोकांनी त्यांचा खेळ प्रथम पाहिला. लाखोंनी पाहिला तो नंतर.

आता आपल्या मार्गाचीच एक गोष्ट. बंगाल नागपूर रेल्वेचा एक संघ कलकत्त्यात खेळत असे. लोक त्याला बी.एन.आर. म्हणत. कंपनी १९४४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, १९५२ मध्ये ती ईस्टर्न रेल्वेत विलीन झाली आणि १९५५ मध्ये तिच्यातून दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी निघाली. कागदोपत्री ते जुने नाव संपले. मैदानावर ते संपले नाही. १९६३ मध्ये तुळशीदास बलराम ईस्ट बंगाल सोडून बी.एन.आर.कडेच आला, आणि १९६४ चा रोव्हर्स चषकही याच संघाने मुंबईत जिंकला. ज्या नावात आपले नागपूर होते, ते नाव रेल्वेच्या वेळापत्रकातून गेल्यावरही एका धाकट्या संघाने ते काही वर्षे जतन केले. आम्हा कारकुनांना कागदाचे महत्त्व फार; पण काही नावे कागदापेक्षा खेळाडूंच्या छातीवर अधिक काळ टिकतात, हे येथे मान्य करावे लागते.

मुंबईची कथा याहून उदास आहे. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स स्पर्धा एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडली. एके काळी गिरण्या, तेल कंपन्या आणि सरकारी खाती यांचे संघ कूपरेजवर झुंजत. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल ही नावे जुन्या प्रेक्षकांच्या ओठावर असत. मालकाच्या इच्छेवर उभे असलेले संघ मालकाच्या इच्छेनेच विरले. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये विसर्जित झाला, पंजाबातील जे.सी.टी. २०११ मध्ये गेला. गोव्यात २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. मोठेपणा आणि चिरंजीवित्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आमच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिले.

याउलट कोल्हापूर पाहा. शाहू महाराजांनी ज्या नगरीत कुस्तीला राजाश्रय दिला, तेथे फुटबॉलचे संघही तालमींच्या नावाने खेळतात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे वाचूनच ध्यानात येते की यांची मुळे कोणा शेठजींच्या तिजोरीत नसून पेठेच्या मातीत आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना १९४० ची. तिच्या छायेखाली शाहू स्टेडियमवर पेठा पेठांशी लढतात. मौज अशी की विश्वचषक आला म्हणजे याच पेठांवर ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे झेंडे फडकू लागतात. परंतु म्हणून कोणी कोल्हापूरकर आपली तालीम सोडून देत नाही. ब्राझील चार वर्षांतून एकदा, तालीम दरसाल! याच मातीतून अनिकेत जाधव पुढे आला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तेथे थोरली पाती अंगणात पाहुणी म्हणून येते. घर चालते ते धाकटीवर.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. निष्ठा ही अविभाज्य वस्तू आहे, ती दोन ठिकाणी वाटली की दोन्हीकडे अपुरी पडते, असे काहींचे म्हणणे असते. युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, पण इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड हा संघ एका परदेशी धनिकाच्या हाती गेला, तेव्हा काही चाहत्यांनी ‘एफ.सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर’ नावाचा स्वतःचा लहान संघ काढला. तो इंग्लंडच्या फुटबॉल-व्यवस्थेत अगदी खालच्या, दहाव्या पायरीवर उभा राहिला. त्यांपैकी अनेकांचे मन जुन्या संघावरून उडाले नव्हते. त्या प्रेमाला सन्मानाने उभे राहावयास जागा हवी होती, ती त्यांनी धाकट्या संघात शोधली. आपल्याकडेही २०२० मध्ये मोहन बागानच्या नावापुढे दुसऱ्या संघाचे नाव जोडले गेले, तेव्हा समर्थकांनी निषेध केला आणि २०२३ मध्ये ते नाव निघाले. थोरल्या संघाच्या चाहत्यालाही शेवटी नावासाठी झगडावे लागते. धाकट्याच्या चाहत्याला त्याची सवय असते.

भाषेच्या क्षेत्रात तर दुहेरी निष्ठेचा याहून उज्ज्वल दाखला आपल्या गावातच आहे. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, आणि १९२६ मध्ये त्यांनी देह ठेवला तो रायपुरातच. हिंदीची सेवा केल्याने त्यांची मराठी उणी झाली, असे कोण म्हणेल? ज्या भूमीत राहतो तिचे ऋण फेडणे आणि ज्या भूमीतून आलो तिचे स्मरण ठेवणे, ही दोन्ही कर्तव्ये त्यांनी एकाच आयुष्यात केली. त्यांच्या नावाची शाळा आणि तिचे मैदान रायपुरात आहे. त्या मैदानावरून जाताना ही गोष्ट आठवावी.

आपणा बदलीच्या नोकरीतील माणसांचा प्रश्न येथेच आहे. तीन-चार वर्षांनी उठून जावयाचे, मग या गावच्या संघाशी नाते कशाला जोडा, असा विचार आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येतो. थोरल्या संघाला ही अडचण नाही. तो आकाशवाणीतून काय, दूरचित्रवाणीतून काय, बदलीच्या प्रत्येक गावी आपल्याबरोबर येतो. धाकटा येऊ शकत नाही. तो तेथेच राहतो, आणि म्हणूनच आपण तेथे असेतोपर्यंत त्याला आपली गरज असते. छत्तीसगडात खेळाचा उत्साह उणा नाही. २०२४ मध्ये नारायणपूरसारख्या दूरच्या ठिकाणी, रामकृष्ण मिशनच्या मैदानावर, वीस वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा भरली. खेळणारी मुले आहेत, मैदानेही आहेत. उणीव असते ती काठावर उभे राहणाऱ्यांची.

धाकट्या संघाची मागणी मोठी नसते. त्याला देणगीदार मिळाला तर हवा आहे, पण त्याहून अधिक त्याला साक्षीदार हवा आहे. मुलाने उत्तम पास दिला हे पाहणारे कोणी नसेल, तर पुढच्या वेळी तो तितक्या जिद्दीने धावणार नाही. आपण मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला जातो, नाटकाला जातो, ते योग्यच आहे. त्याबरोबर हंगामात चार संध्याकाळी जवळच्या मैदानाच्या काठावर उभे राहिलो, दोन्ही संघांतील मुलांची नावे शिकलो आणि चांगल्या खेळाला टाळी दिली, तर या गावी आपण केवळ हजेरीपटावर नव्हतो, असे म्हणता येईल. रात्री घरी येऊन मोहन बागानचा किंवा मँचेस्टरचा निकाल अवश्य पाहावा. त्याला धाकट्याची हरकत नसते.