खाली पडलेला चिमटा

 

ऑगस्ट लागला की आपल्याकडे शाळा सुरू होतात आणि त्याबरोबर कागदांचा पाऊस. बसचा कागद, जेवणाच्या पैशांचा कागद, आणि मूल थोडं मोठं असेल तर सायन्स लॅबच्या सुरक्षेचा करार. खाली दोन सह्या लागतात, एक मुलाची आणि एक आपली. आपण ती सही कशी करतो ते तुम्हालाही ठाऊक आहे. गॅसवर भाजी असते, मूल दारात उभं असतं, आणि आपण विचारतो, “कुठे करू?”

त्या करारात बहुधा एक कलम असतं: अपघात कितीही लहान असो, काही पडलं, फुटलं, सांडलं, तर लगेच शिक्षकांना सांगायचं. आज या एका कलमाची गोष्ट ऐका. ती आपल्या परळची आहे.

परळची हाफकिन संस्था आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. लहानपणी घेतलेले पोलिओचे डोस किंवा सर्पदंशावरची लस, यांच्यामुळे हे नाव घरोघरी पोचलं. ते नाव आहे वाल्देमार हाफकिन यांचं. जन्म १८६० चा, ओडेसा शहरातला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते घडले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा सरकारनं त्यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत, हाताशी मोजकी माणसं घेऊन त्यांनी लस बनवली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मग लोकांना दिली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तिथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

अशाच पाच बाटल्या ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी उघडल्या गेल्या. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. चार बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काही झालं नाही. पाचव्या बाटलीतून लस घेतलेले १९ जण मात्र धनुर्वातानं गेले. एकोणीसच्या एकोणीस.

चौकशी बसली. आयोगानं निष्कर्ष काढला, की परळमध्ये भरतानाच बाटलीत जंतू शिरले असावेत. हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक अ‍ॅसिड घालायची जुनी पद्धत सोडून उष्णतेनं जंतू मारायची पद्धत घेतली होती, त्यावरही बोट ठेवलं गेलं. त्यांना कामावरून दूर केलं. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

पण त्याच चौकशीत एक साधी गोष्ट नोंदलेली होती. मुल्कोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्यानं तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवला, आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं.

इथे जरा थांबू या. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. त्यांचे बीजाणू फार चिवट. जंतुनाशकात क्षणभर बुडवून ते मरत नाहीत. चिमटा ज्योतीवर नीट तापवायला हवा होता. शिवाय जंतू परळमध्येच शिरले असते आणि बंद बाटलीत इतके दिवस वाढले असते, तर उघडल्यावर लशीला घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता.

हे सगळं शास्त्रज्ञांनी पुनःपुन्हा मांडलं, पण ऐकायला सरकारला वेळ लागला. अखेर २९ जुलै १९०७ ला लंडनच्या टाइम्समध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र छापून आलं. मलेरियाचा डास शोधून काढणारे हेच ते रॉस. हाफकिन दोषमुक्त झाले, परत भारतातही आले, पण कलकत्त्याला. परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

त्या मदतनिसाचं मला फार वाटतं. गावात लस घ्यायला माणसं जमलेली, काम अंगावर पडलेलं, आणि चिमटा खाली पडलेला. “साहेब, हा पडला, दुसरा द्या,” एवढं एक वाक्य हवं होतं. ते बोललं गेलं नाही, आणि काम पुढे चाललं.

आता इकडच्या शाळांकडे येऊ. २००६ मध्ये ओहायोतल्या एका शाळेत शिक्षक ‘इंद्रधनुष्य’ दाखवत होते. वेगवेगळे क्षार जळताना वेगवेगळ्या रंगांची ज्योत देतात, तो प्रयोग. त्यात मेथनॉल वापरलं होतं. मेथनॉलची वाफ चटकन पेटते आणि ज्योत वाफेवरून थेट बाटलीत शिरते. मग बाटलीच्या तोंडातून आगीचा लोळ समोरच्या बाकांपर्यंत जातो. पंधरा वर्षांची एक मुलगी शरीराच्या ४० टक्के भागावर भाजली. तिनं पुढे स्वतः आपली कहाणी सांगितली, आणि अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डानं डिसेंबर २०१३ मध्ये ती चित्रफितीतून सगळ्या शाळांसाठी खुली केली. काहीच आठवड्यांत, जानेवारी २०१४ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या एका शाळेत त्याच प्रयोगात पुन्हा मुलं भाजली. इशारा दिला गेला होता, पण त्या वर्गात तो पोचला नव्हता.

म्हणून तो करार वाचायचा. त्यातल्या ओळींमागे कुणाची तरी जखम आहे. डोळ्यांवर गॉगल हवा असं लिहिलंय ना? ज्यांच्या नावाचा बर्नर प्रत्येक लॅबमध्ये असतो, त्या रॉबर्ट बन्सन यांचा एक डोळा १८४३ मध्ये प्रयोगातल्या स्फोटात काचेचा तुकडा घुसून कायमचा गेला. गॉगलवर ‘झेड ८७’ अशी खूण आहे का ते मुलाला बघायला सांगा. डोळ्यात काही उडालं तर आयवॉशखाली १५ मिनिटं डोळा धरायचा, दोन मिनिटांत “बरं वाटतंय” म्हणून निघायचं नाही. तापलेली काच आणि गार काच दिसायला सारखीच. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. केस बांधायचे, सैल बाह्या वर करायच्या.

पण नियम पाठ असले तरी एक गोष्ट घरातूनच यावी लागते, आणि तिथे आपण थोडे कमी पडतो. आठवा आपले दिवस. परीक्षानळी फुटली की भरपाईचे पैसे. मग काय करायचो आपण? काचा गुपचूप सिंकखाली सरकवायच्या आणि शेजाऱ्याची नळी घेऊन वेळ मारून न्यायची. घरी कळलं तर वर आणखी बोलणी. “लक्ष कुठे होतं तुझं?” हे वाक्य आपण समुद्र ओलांडताना बरोबर घेऊन आलोय. त्या वाक्यानं मूल सावध होत नाही. ते फक्त लपवायला शिकतं. आणि सिंकखाली सरकवलेली काच पुढच्या तासाला दुसऱ्या कुणाच्या तरी हातात घुसते.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. तो कागद फ्रिजवरून काढा, किंवा फोनवर उघडा. मुलाला शेजारी बसवा आणि एकेक कलम मराठीत सांगायला लावा. इंग्रजीत ते घडाघडा वाचेल, पण मराठीत सांगताना त्याला अर्थ लावावा लागेल. मग हाफकिन यांच्या चिमट्याची गोष्ट सांगा. आणि एखाद्या संध्याकाळी ते पडलेल्या चेहऱ्यानं म्हणालं, “आई, आज माझ्या हातून बीकर फुटला, मी मिसना सांगितलं,” तर पहिलं वाक्य एवढंच असू द्या: “सांगितलंस, बरं केलंस.”

त्यानंतर सही करा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार!